हाराची दोरी आणि चार-पंचवीसची गाडी

दौंडला जाऊन आलो असं सांगितलं, तर शिरूरमध्ये "कसं वाटलं?" असं कोणी विचारत नाही. "काम झालं का?" असं विचारतात. प्रवासवर्णन लिहावं असं ते ठिकाण नव्हे, आणि साठेक किलोमीटर म्हणजे काही मोहीम नव्हे. तरीही या मार्चमध्ये ते अंतर कापायला मला आणि माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या आईला जवळजवळ पाच तास लागले. एवढ्या वेळात लोक विमानाने समुद्र ओलांडतात आणि परत येऊन पुस्तक लिहितात. मी एवढ्यावरच थांबतो.

जायचं कारण शांतामावशी. ती आईची धाकटी बहीण, कलबुर्गीला मुलाकडे राहते. मुलाची, म्हणजे प्रकाशची, बदली झाशीला झाली होती आणि सगळं बिऱ्हाड रेल्वेने निघालं होतं. त्यांची गाडी पुण्याला शिवत नाही, पण दौंडला थांबते. आमच्याकडे नातेवाइकांना असं भेटण्याची जुनी रीत आहे. ते आपल्या गावी उतरणार नसतात आणि आपण त्यांच्या गावी जाणार नसतो, म्हणून मधल्या स्टेशनवर डबा घेऊन उभं राहायचं. याला आमच्या घरात 'गाडीवर भेटणं' म्हणतात. आईने अशा भेटींवर तीन लग्नं ठरवली आहेत आणि एक मोडलं आहे.

पूर्वी हे सोपं होतं. दौंडला गाडीचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावत, त्यात अर्धा तास जाई आणि तेवढ्यात जेवणही उरकत असे. आता गावाबाहेर कॉर्ड लाईनचं वेगळं स्टेशन झालं आहे. इंजिन फिरवावं लागत नाही, गाडी तीन मिनिटं थांबते आणि जाते. देशाचा वेळ वाचला, आईची सत्तावीस मिनिटं गेली.

दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. आणि झाशीहून या बाजूला पुन्हा कधी येणं होईल, हे दोघींपैकी कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

शिरूर, साडेअकरा

आईने पहाटे उठून मासवड्या केल्या. तीळ-खोबऱ्याचं सारण बेसनात वळून, वाफवून, वड्या पाडून स्टीलच्या उंच डब्यात रचल्या. रस्सा नेता येत नाही म्हणून मसाला वेगळा बांधून दिला, सोबत सूचना: "पाणी उकळलं की मंग टाकायचा, आदी न्हाई." झाशीच्या पाण्याबद्दल तिला खात्री नव्हती.

गाडी चार-पंचवीसला येणार होती. दीड तासाचा रस्ता. आई अकरालाच डबा मांडीवर घेऊन आमच्या मोटारीत बसली.

"आई, आत्तापासून?"

"ती थांबती तीन मिंटं. आपण थांबू तीन तास. आपल्याला काय ट्रेन पकडायचीय?"

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. अकरा वर्षांची आहे आणि आजवर तिने कधी तक्रार केली नव्हती. आदल्या आठवड्यात ती माझा मेहुणा भाऊसाहेब घेऊन गेला होता. तो मांडवगण फराट्याचा, आणि नुकताच विविध कार्यकारी सोसायटीचा चेअरमन झाला होता. निवड बिनविरोध झाली. विरोधच नव्हता तर जेसीबीतून गुलाल उधळून नेमका कोणावरचा विजय साजरा केला, असं मी विचारलं नाही. मिरवणुकीला पांढरी गाडी हवी होती आणि माझी पांढरी होती. परत आली तेव्हा धुऊन, पुसून, आत उदबत्ती लावून आली होती. दारांच्या फटींत मात्र गुलाबी रेघ राहिली होती.

शिरूरच्या बाहेर पडताना कंपन्यांच्या बस आणि कंटेनर यांच्यामध्ये वीस मिनिटं अडकलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागला. मोकळा रस्ता मिळताच खाली आला. पुढच्या चौकात थांबलो, पुन्हा वर. मी गाडी कडेला घेतली.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटरमधलं पाणी थंड करतो. गाडी थांबली की ते काम रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्याने करायचं असतं. म्हणजे पंखा बंद पडलेली गाडी चालते उत्तम, तिला फक्त थांबता येत नाही. मी एसी लावला. एसी लावला की तो पंखा फिरायलाच हवा. बॉनेट उघडून कान लावला, तर आत शांतता.

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक परिच्छेदाचा शेवट अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधण्याने होतो. नशिबाने फ्यूज कुठे आहेत याचं चित्रही होतं. पंख्याचा फ्यूज उडालेला होता. झाकणात एक जादा फ्यूज होता, तो लावला आणि एसी सुरू केला. पंख्याने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि नवा फ्यूजही उडाला.

"काय झालं?" आईने काचेतून विचारलं.

"फ्यूज जातोय."

"मंग दुसरा लाव."

"तोच गेला."

"म्हंजी फ्यूजचा दोष न्हाई," आई म्हणाली. गाडी दुरुस्तीच्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य इतकं थोडक्यात नसेल.

न्हावरे, पाऊण वाजता

न्हावऱ्यापर्यंत मी न थांबता आलो. बाजारतळाजवळ संपतचं दुकान आहे. दहा बाय दहाची खोली, दारावर निळा झेंडा, आत भिंतभर तारा. आधी तो कंपनीत मोठमोठ्या मशीन सांभाळायचा, आता गाड्यांचं वायरिंग करतो. त्याच्याकडे तीन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि चार सल्लागार आधीपासून होते.

सल्लागारांनी बॉनेट उघडायच्या आत निदान केलं. पहिला म्हणाला, थर्मोस्टॅट काढून फेका. दुसरा म्हणाला, रिले गेला. तिसऱ्याने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे वाफ न जाऊ देता कुकरचं झाकण तोंडाशी उघडणं.

संपत बॉनेटखाली वाकला. त्याने पंख्याची पिन काढली, आपला एक फ्यूज बसवला, पिनेला टेस्टचा दिवा लावला आणि मला एसी लावायला सांगितलं. दिवा लागला.

"करंट येतोय. म्हंजी रिले, सेन्सर, वायर सगळं ओके," तो म्हणाला. सल्लागार एक पाऊल मागे सरले. मग त्याने बॅटरीवरून दोन तारा काढून पंख्याच्या मोटारीला सरळ जोडल्या. मोटार गुरगुरली, पाती हलली नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हर आत घालून त्याने एक पातं ढकलून पाहिलं.

"थोडं हालतंय आन् परत मागं येतंय," तो म्हणाला. "मोटार जाम हाय. पुण्यावरनं मागवावी लागंल. उद्या सकाळी बसवून देतो."

"उद्या ट्रेन झाशीत असंल," आई आतून म्हणाली.

"मग काकी, एक काम करू?" चौथा सल्लागार पुढे आला. "फ्यूजच्या जागी तांब्याची तार टाक रे संपत. उडायचं टेन्शनच न्हाई."

"तू घरी टाक," संपत म्हणाला. "जाम मोटारीला तार लावली तर वायरिंग पेटंल. फ्यूज मरतो म्हणून गाडी जगती." त्याने डब्यातून दोन फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवले. "असू द्या. एक उडवायला, एक लावायला."

रस्ते दोन होते. चौफुल्याकडून मोठ्या रस्त्याने जाणं लांबचं, पण गाडी पळती ठेवता आली असती. मांडवगणवरून जवळचं, पण अरुंद, आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपायला आलेला, म्हणजे उसाच्या ट्रॉल्या असणार. संपत म्हणाला, लांबून जा. मी घड्याळ पाहिलं आणि जवळून गेलो. माणसाला लांबचा रस्ता नेहमी नंतर बरोबर वाटतो.

निघताना त्याने एक उपाय सांगितला. काटा चढला की गाडीतला हीटर पूर्ण लावायचा. इंजिनची उष्णता तेवढीच आत येते आणि इंजिन थोडं निवतं.

मांडवगणच्या अलीकडे, दोन वाजता

मार्चच्या दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, हीटर लावून आम्ही निघालो. पायांवर भट्टीचा वारा आणि तोंडावर उन्हाचा.

"भाईर आग, आत आग," आई म्हणाली. "मासवडी परत वाफवून निघंल."

"बंद करू?"

"मी म्हणले का बंद कर?" तिने पदर ओला करून डोक्यावर घेतला.

दोन्ही बाजूंना कांद्याची काढणी चालू होती. शेतात कांद्यांचे ढीग, त्यांच्याभोवती बायका बसून विळ्यांनी पाती कापत होत्या, आणि सगळ्या शिवाराला तो गोड-तिखट वास होता. उसाच्या तोडलेल्या फडात बगळे फिरत होते. हे सगळं मी ताशी पन्नासने पाहिलं. यापेक्षा हळू पाहण्याची सोय नव्हती.

मग वळणापलीकडे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. त्याच्या पुढे आणखी एक होता. त्याच्या पुढच्याचं चाक खचलं होतं. मी ब्रेक दाबला, आईच्या मांडीवरचा डबा पुढे गेला, तिने तो हवेतच धरला, पण झाकणाची कडी तुटून खाली पडली. आईने झाकणावर तळहात ठेवला. पुढे तासभर तो तिथून हलला नाही.

काटा तांबड्या रेघेला टेकला. बॉनेटखालून वाफ निघाली. मी इंजिन बंद करून गाडी बाभळीखाली ढकलली. त्यात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, शेजारच्या शेतातले एक आप्पा आणि एक अनोळखी मोटारसायकलवाला असे तिघे न बोलावता आले. हे आमच्या भागाचं मला मनापासून आवडतं. गाडी ढकलायला माणूस कधी कमी पडत नाही. गाडी नीट चालत असती तर यातल्या एकानेही बाजू दिली नसती.

आप्पांनी पाण्याचा कॅन आणला. "टाकू?"

"आप्पा, गार होऊ द्या. अर्धा तास तरी."

"कुठं निघालाव?"

"दौंडला. बहीण हाय माझी," आई म्हणाली. "आगगाडीत हाय."

"थांबती किती?"

"तीन मिंटं."

आप्पांनी कॅन खाली ठेवला, आईकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर सावली पडेल असे उभे राहिले. अर्धा तास ते तसेच उभे होते आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. जणू तिथे उभं राहायचं कारण तेवढंच.

या अर्ध्या तासात मला संपतचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. थोडं हलतं आणि परत मागे येतं. बेअरिंग जाम झालं तर वस्तू हलत नाही, किंवा हलली तर तिथेच राहते. परत मागे कशी येईल? मोटारीत स्प्रिंग तर नसते. इंजिन निवल्यावर फडक्याने धरून झाकण उघडलं, कॅनमधलं तीन लिटर पाणी गेलं. उरलेल्या पाण्यासकट कॅन आप्पांनी आमच्या गाडीतच ठेवला. ट्रॉल्या हलल्या. तीनला दहा कमी होते.

मांडवगण फराटा, तीन वाजता

गावात शिरताना चौकात भाऊसाहेबाचा फ्लेक्स होता. तीस फुटी. भाऊसाहेब हात जोडून, डोक्यावर फेटा, भोवती तेवीस शुभेच्छुकांचे चेहरे. मधोमध मिरवणुकीचा फोटो होता आणि त्यात माझी गाडी. क्रेनने उचलून आणलेला झेंडूचा अजस्र हार तिच्या नाकावर घातलेला होता. माझ्या गाडीला मी इतक्या सन्मानात कधी पाहिलं नव्हतं.

गतिरोधकावर मी हळू झालो, तेवढ्यात आई म्हणाली, "रमेश, थांब."

"आई, थांबलो तर काटा..."

"थांब म्हणते ना. तो हार बघ. त्याची दोरी बघ."

मी पाहिलं. हाराला तळहाताएवढ्या फुलांचे गुच्छ होते आणि ते सगळं वजन पेलायला जाड, भगवी, नायलॉनची दोरी. तिची दोन टोकं वर जाऊन बॉनेटच्या फटीत शिरत होती.

"इतका जड हार," आई म्हणाली. "दोरी आत खुपसून वरनं झाकण लावलंय. मंग तिची टोकं आत कुठं हायेत?"

गाडीवर हार घालायची आमच्याकडची हीच पद्धत आहे. बॉनेट उघडायचं, दोरी आत टाकायची, बॉनेट बंद करायचं. हार पडत नाही. लग्नातही असंच करतात. आजवर मी शंभर गाड्यांना असे हार पाहिले आणि दोरी आत गेल्यावर काय करते, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. आत ती पंख्याच्या तोंडाशी लोंबते. मिरवणूक पावलापावलाने चालते, इंजिन तापतं, पंखा सुरू होतो.

थोडं हलतं आणि परत मागे येतं. ताणलेली दोरी असंच करते.

मी गाडी सोसायटीच्या कार्यालयासमोर सावलीला लावली आणि भाऊसाहेबाला हाक मारली. तो आतच होता. दहा-बारा जण घेऊनच बाहेर आला, कारण हल्ली तो एकटा येत नाही.

"अरे! दाजी! काकी! या, या. ए, खुर्च्या काढा. शाल आणा, नारळ आणा. काकींचा सत्कार राहिलाय आपला."

"भाऊसाहेब, हार काढताना दोरी कुणी काढली?" मी विचारलं.

"कुठली दोरी?"

"बॉनेटच्या आतली."

त्याने मागे पाहिलं. मागच्याने त्याच्या मागच्याकडे पाहिलं. प्रश्न असा शेवटच्या माणसापर्यंत गेला. तो म्हणाला, "मी भाईरनं कापली की. विळीनं. आतली कशाला काढायची, ती दिसत न्हाई."

"आणि गाडी तापली नाही?"

"परत येताना मीटरवर लाल दिवा लागला व्हता. मंग गाडी पळवत आणली आन् लागायचा बंद झाला," तोच म्हणाला.

"बसा तरी दाजी," भाऊसाहेब म्हणाला. "चहा..."

"बस भाऊसाहेबा," आई गाडीतूनच म्हणाली. "तू बस. आमाला जायचंय."

ती हे इतकं साधं बोलली की खरोखरच बसलेले दोघे उभे राहिले.

मी आधी फ्यूजची जागा रिकामी केली आणि किल्ली खिशात घातली. आमच्या गाडीचा पंखा इंजिन बंद केल्यावरही कधी कधी मिनिटभर फिरतो, आणि आत कोणाचा तरी हात जाणार होता. टॉर्चच्या प्रकाशात वाकून पाहिलं. पंख्याच्या पात्यांमागे, मोटारीच्या दांड्याभोवती, काळपट-गुलाबी काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. वरून पाहिलं तर मोटारीचाच भाग वाटावा असं. संपतचा दोष नव्हता, गुलाल आणि वंगणाने ते लेप देऊन ठेवलं होतं.

फट चार बोटांची. माझा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. भाऊसाहेबाने बाह्या वर केल्या, पण त्याच्या बोटांत चार अंगठ्या होत्या आणि त्यांतली एकही निघेना. बाकीचे सूचना देत होते. साडेतीनला दहा मिनिटं होती.

रस्त्यापलीकडच्या खळ्यावर कांदा काटणाऱ्या बायका हे सगळं बघत होत्या. त्यांतली एक, मंदाताई म्हणून, विळा घेऊन उठून आली. वाळक्या अंगाची, पन्नाशीची.

"सरका बरं," ती पुरुषांना म्हणाली. मग मला: "ह्यात करंट न्हाई ना?"

"नाही. फ्यूज माझ्या खिशात आहे."

"दाखवा."

मी दाखवला. एवढ्या माणसांत तेवढी खात्री करून घेणारी ती एकटीच. तिने बांगड्या वर सरकवल्या, हात कोपरापर्यंत आत घातला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपायला लागली.

"हाय. दोरीच हाय. आठ-धा येढं बसल्यात." विळ्याचं टोक आत गेलं. "पंखा धरा कुणीतरी. हालू देऊ नका. तुम्ही न्हाई, अंगठीवाले. तुम्ही धरा."

मी स्क्रू-ड्रायव्हरने पातं धरलं. दोरी कापली गेल्याचा आवाज झाला, पातं सुटलं आणि आपोआप अर्धा फेरा उलटं फिरलं. मंदाताईने एकेक वेढा बाहेर ओढला. शेवटी जवळजवळ दोन हात दोरी, टोकाला झेंडूचं एक चेपलेलं बोंड. तिने ते भाऊसाहेबाच्या हातात दिलं.

"घ्या तुमचा हार."

पोरंटोरं हसली. मग भाऊसाहेबही हसला, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. मी पंखा बोटाने फिरवला. तो फिरत राहिला.

आता संपतचे दोन फ्यूज. पहिला लावला, एसीचं बटन दाबलं. क्षणभर पंखा फिरला, मग खटका आणि पुन्हा शांतता. आईने डब्यावरचा हात बदलला. मी पुन्हा आत पाहिलं. दोरीचा एक तुकडा पात्यात आणि जाळीत अडकून राहिला होता. मंदाताईने तो दोन बोटांनी ओढून काढला आणि पंखा स्वतः चार वेळा फिरवून पाहिला.

"एक उडवायला, एक लावायला," असं संपत म्हणाला होता. दुसरा लावला. पंखा फिरला. एक मिनिट. दोन मिनिटं. वारा इंजिनवरून येऊन आमच्या तोंडावर गुलाल उडवत होता. काटा खाली आला.

आणलेली शाल भाऊसाहेबाच्या हातात होतीच. त्याने ती मंदाताईला घालायला उघडली आणि फोटोसाठी कोणाला तरी बोलावलं.

"फोटो नगं, शाल द्या," ती म्हणाली. "लई ऊन हाय." डोक्याला गुंडाळून ती कांद्यांकडे गेली.

मी गाडीत बसलो तेव्हा आई भाऊसाहेबाकडे हात पसरून होती.

"ती दोरी दे इकडं."

"काकी, घाण हाय ती."

"पुसून घीन. डब्याची कडी तुटलीय."

दौंड, चार वाजून अठरा

भीमेच्या पुलावर पुन्हा ट्रॉल्यांच्या मागे लागलो. दहा मिनिटं पावलापावलाने चाललो. काटा अर्ध्यावर गेला, पंख्याचा आवाज सुरू झाला, काटा थांबला. त्या घरघरीइतकं सुरेल मी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं. आई डबा बांधत होती. पाण्याने पुसलेली दोरी तिने उभी-आडवी घेतली आणि वर अशी गाठ मारली की डबा हातात धरून नेता येईल.

शिरूरला वेळ सांगतात तो कंपनीच्या शिफ्टवरून, दौंडला गाड्यांवरून. स्टेशनचा रस्ता विचारला तर पानवाला म्हणाला, "कॉर्ड लाईन का? मग जा निवांत. अजून अलीकडचं सिग्नल मिळालं नसंल." पण निवांत जायची आईची तयारी नव्हती. तिचे गुडघे घरात देवघरापर्यंत जाताना दोनदा बसतात. इथे ती माझ्या खांद्यावर हात ठेवून फलाटापर्यंत न थांबता आली. मागे गाडीचा पंखा, किल्ली काढल्यावरही, आपल्या मनाने फिरत होता.

गाडी चार वाजून एकतीस मिनिटांनी आली. प्रकाशने सांगितलेला डबा आमच्यापासून दोन डबे पुढे थांबला. मी पळालो. आई पळाली नाही, पण मी खिडकी शोधेपर्यंत ती तिथे पोचली होती.

खिडकीच्या गजांतून मावशीचा हात बाहेर आला. आईने तो धरला. नऊ वर्षांचं काय बोलतील, असा मी वाटभर विचार करत होतो.

"किती वाळलीस गं," मावशी म्हणाली.

"तूच वाळलीस. दात कुठं गेलं?"

"पडलं. तुजं हायेत?"

"चार हायेत."

आणि दोघी एवढ्या हसल्या की समोरच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठला. मग हसणं थांबलं, हात मात्र सुटला नाही. त्या तीन मिनिटांतलं एक मिनिट असं गेलं. आईने दुसऱ्या हाताने तिच्या मनगटावरच्या बांगड्या मोजाव्या तशा एकेक सरकवल्या.

प्रकाश दारात आला होता. उंच डबा गजांतून जाईना म्हणून मी तो दारातून दिला. तो आत गेला आणि त्याने डबा मावशीच्या मांडीवर ठेवला.

"मासवडी?" मावशीने वास घेतला. मग गाठीला हात लावला. "ही कसली गं दोरी? गुलाल लागलाय."

"सत्काराची हाय," आई म्हणाली. "म्हंजी, व्हती."

गाडीने शिट्टी दिली.

"कापू नगंस," आई खिडकीबरोबर चालायला लागली. मी तिचा दंड धरला. "गाठ सोड, नीट गुंडाळून ठेव. चांगली दोरी हाय. आन् डबा पण माझा हाय. दोनी परत पायजेत मला."

"आणीन की," मावशी म्हणाली. "मी काय ठिवून घेते का?"

गाडी फलाटाबाहेर गेली. आई थोडा वेळ रुळांकडे बघत उभी होती. मग तिने पदराने हात पुसले. बोटांवर अजून गुलाबी होतं, ते निघालं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही दोनदा थांबलो. एकदा चहाला, आणि एकदा आप्पांच्या शेताशी, त्यांचा कॅन द्यायला. दोन्ही वेळा उतरायच्या आधी आईने वाकून काटा पाहिला. तो मधोमध होता.